स्ट्रोल, सॉन्टर, अँबल, ट्रज: चालण्याचे इंग्रजी शब्द निवडायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा: चोपडा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने इंग्रजी निबंधात 'माय ग्रँडफादर सॉन्टर्स टु द फील्ड एव्हरी मॉर्निंग' असं वाक्य लिहिलं. सरांनी 'सॉन्टर्स'खाली लाल रेघ मारली, पण कारण लिहिलं नाही. शब्दकोशात सॉन्टर म्हणजे 'रमतगमत चालणे' असंच दिलंय, आणि स्ट्रोल, अँबल, रॅम्बल यांच्यापुढेही जवळपास तेच आहे. मग फरक काय आणि कुठला शब्द कधी वापरायचा?

सरांची रेघ बरोबर आहे. आजोबा सकाळी शेतात जातात ते कामासाठी. मोटर चालू करायची, केळीला पाणी पोचलं का बघायचं, रात्री डुकरांनी काही नासधूस केली का पाहायचं. चाल सावकाश असेल, वयच तसं आहे. पण सॉन्टरमध्ये सावकाशीपेक्षा बेफिकिरी जास्त आहे. हात खिशात, कुठे पोचायची घाई नाही, कोण काय म्हणेल याची पर्वा नाही, अशी ती चाल. इंग्रजीत हा शब्द बऱ्याचदा अशा माणसाबद्दल येतो ज्याने खरं तर घाई करायला हवी होती. वर्ग सुरू होऊन अर्धा तास झाला आणि हा गडी 'सॉन्टर्ड इन'. सांगणाऱ्याचा थोडा राग, क्वचित थोडं कौतुक, त्या शब्दातच मुरलेलं असतं. आजोबांबद्दल तुम्हाला ना राग दाखवायचाय, ना त्यांची बेफिकिरी. तिथे 'वॉक्स' लिहा.

आता तुम्ही म्हणाल, मग एवढे शब्द शिकायचे कशाला, सगळीकडे वॉकच लिहू. तसंही नाही. शब्दकोश या शब्दांचा वेग सांगतो, आणि वेग बहुतेकांचा सारखाच असतो. फरक असतो तो चालणाऱ्याच्या मनात काय आहे, अंगात किती त्राण आहे, पायाखाली कशी जमीन आहे आणि बघणाऱ्याला ते कसं वाटतंय यात. 'सावकाश चालणे' या अर्थामागे हे सगळं झाकून जातं.

मराठी माणसाला हे शब्द जड जातात, ते आपला शब्दसंग्रह तोकडा आहे म्हणून नव्हे. आपल्याकडे चालीच्या छटा क्रियापदाच्या आधी येतात. तरातरा, झपझप, लगबगीने, रमतगमत, पाय ओढत, खुरडत, दुडुदुडु, ठुमकत, चोरपावलांनी, ढांगा टाकत. आणि शेवटी तेच 'चालला', 'गेला' किंवा 'आला'. इंग्रजी ती छटा थेट क्रियापदात घालते आणि 'गेला-आला'चं काम पुढच्या एखाद्या छोट्या शब्दावर सोपवते. 'तो लंगडत रस्ता ओलांडून गेला' हे इंग्रजीत 'ही लिंप्ड अक्रॉस द रोड' होतं. लंगडणं क्रियापदात गेलं आणि ओलांडणं 'अक्रॉस'मध्ये. 'ती पाय न वाजवता खोलीबाहेर आली' म्हणजे 'शी टिपटोड आउट ऑफ द रूम'. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची अशीच विभागणी केली आहे: काही भाषा जाण्या-येण्याची दिशा क्रियापदात सांगतात, काही ती क्रियापदाबाहेर ठेवतात. इंग्रजी दुसऱ्या गटात, मराठीचा कल पहिल्याकडे.

हे एकदा ध्यानात आलं की शब्द शोधायची रीतच बदलते. 'चालणे' या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसू नका. आपल्या वाक्यात 'चालणे'च्या आधी कुठला शब्द आहे तो पाहा आणि त्याच्यासाठी इंग्रजी क्रियापद शोधा. तुम्ही घरी आजोबांबद्दल काय म्हणता? 'आजोबा रोज सकाळी शेतात जातात.' आधी काहीच नाही. मग इंग्रजीतही छटा नको. 'गुडघे धरत, काठी टेकत जातात' असं म्हणत असाल तर 'हॉबल्स'. 'या वयातही ताठ मानेने ढांगा टाकत जातात' असं असेल तर 'स्ट्राइड्स'.

दुसरं, त्या छोट्या शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. आमच्याकडची मुलं क्रियापद पाठ करतात आणि अक्रॉस, अलाँग, पास्ट, ऑफ, अप हे सोडून देतात. यात्रेत मूल आईचा हात सोडून फुगेवाल्यामागे गेलं, तर ते 'वॉन्डर्ड ऑफ'. नुसतं 'वॉन्डर्ड' लिहिलं तर ते मूल इकडेतिकडे हिंडलं एवढंच कळतं, हरवलं हे कळत नाही.

आता एकेक शब्द घेऊ. सगळे सारख्या लांबीचे होणार नाहीत, कारण काहींमध्ये सांगण्यासारखं खूप आहे.

स्ट्रोल ओळखायची खूण आपल्याच बोलीत आहे. खान्देशात संध्याकाळी रस्त्यात कोणी भेटलं की विचारतो, 'कथा जाई राह्यना, भाऊ?', म्हणजे कुठे चाललास. त्याचं खरं उत्तर जर 'काही नही, आसंच' असेल, तर ती चाल स्ट्रोल. कुठे पोचायचं नाही, बरोबर बहुधा कोणीतरी आहे, हवा बरी आहे, मन निवांत आहे. जेवणानंतरची शतपावली म्हणजे 'अ स्ट्रोल आफ्टर डिनर', यापेक्षा चांगली जोडी सापडणार नाही. पण जळगावात मेहरूण तलावाच्या काठाने सकाळी सकाळी घड्याळ बघत, हात हलवत जे चालतात ते स्ट्रोल करत नाहीत. त्यांचं 'ब्रिस्क वॉक' चालू असतं. डॉक्टरांनी सांगितलंय, साखर आटोक्यात ठेवायची आहे, म्हणजे हेतू आला; आणि हेतू आला की स्ट्रोल संपलं. त्याच काठावर संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन फिरणारं कुटुंब मात्र स्ट्रोलच करत असतं. जागा तीच, शब्द वेगळा.

या शब्दाचा भूतकाळ मात्र इतका सभ्य नाही. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला, बहुधा जर्मनमधून, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता उनाड भटकणं. गावोगाव खेळ करत फिरणाऱ्या नटांना 'स्ट्रोलिंग प्लेयर्स' म्हणत, आपल्या तमाशा फडासारखे. नंतर शब्द निवळत गेला आणि आता अमेरिकेत बाळाच्या ढकलगाडीलाही स्ट्रोलर म्हणतात.

सॉन्टरबद्दल एक गोष्ट मोबाईलवर फिरते, ती इथेच निस्तरू. हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकाने चालण्यावर एक निबंध लिहिला. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, १८६२ साली, तो छापून आला. त्यात त्याने म्हटलं की सॉन्टर हा शब्द 'सेंट तेर', म्हणजे फ्रेंचमधल्या 'पवित्र भूमी'वरून आला. तिकडे निघालो म्हणत भिक्षा मागत फिरणारे ते सॉन्टरर. कल्पना सुंदर आहे आणि थोरोने ती मनापासून मांडली आहे. पण कोशकार ती व्युत्पत्ती मानत नाहीत. शब्दाचं मूळ अनिश्चित आहे. म्हणून त्या गोष्टीच्या आधाराने वारकऱ्यांना किंवा चैत्रात वणीला पायी जाणाऱ्या भक्तांना सॉन्टरर म्हणू नका. आजच्या वाचकाला त्या शब्दात भक्ती दिसत नाही, बेफिकिरीच दिसते.

अँबल हा माझा आवडता शब्द, आणि तो समजायला खान्देशाइतकी चांगली जागा नाही. मूळ लॅटिन 'अँब्युलारे', म्हणजे चालणे. त्यातूनच अँब्युलन्स आला, कारण फ्रेंच सैन्यामागून हलत जाणाऱ्या इस्पितळाला 'चालतं इस्पितळ' म्हणत. बाबागाडीचा 'प्रॅम'ही त्याच मुळाचा. पण इंग्रजीत अँबल आधी आला तो घोड्याच्या चालीसाठी. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेलात, तर तापीकाठी घोडेबाजारात ती चाल डोळ्यांनी बघता येते. घोडा दुडकीने पळतो तेव्हा पुढचा डावा आणि मागचा उजवा असे तिरपे पाय एकदम उचलतो, आणि स्वार खोगिरावर वरखाली आपटत राहतो. काही मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची मात्र जन्मजात वेगळी चाल असते. एकाच बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ बरोबर पडतात, मग दुसऱ्या बाजूचे. आपल्याकडे तिला रेवाल म्हणतात. मालक लगाम धरून घोडा गर्दीतून काढतो, तेव्हा त्याच्या पाठीकडे नीट बघा. पाठ वरखाली होतच नाही, नुसती पाण्यावरून सरकल्यासारखी जाते. स्वाराच्या हातातला पेलाही हिंदकळत नाही, असं घोडेवाले अभिमानाने सांगतात. युरोपात मध्ययुगात लांबच्या प्रवासाला असाच घोडा पसंत करत, कारण दिवसभर बसलं तरी अंग दुखत नसे.

माणसाबद्दल अँबल म्हणताना तो आरामच शब्दात उतरलेला असतो. घाई नाही, धक्के नाहीत, अंग सैल सोडलेलं, चाल एका लयीत. सॉन्टरमध्ये लोकांनी बघावं असा थोडा डौल असतो, अँबलमध्ये तो नाही. स्ट्रोलला सोबत आणि हवा लागते, अँबलला तेही लागत नाही. जेवून उठलेला गावातला म्हातारा पारापर्यंत अँबल करत जातो. तुमच्या आजोबांना मळ्यात काम नसेल, नुसती सवय म्हणून ते जात असतील, तर 'अँबल्स' मी मान्य करीन.

रॅम्बल ब्रिटनमध्ये म्हणजे शेतवाटांनी, कुरणांतून, टेकड्यांवरून मजेखातर केलेली लांब पायपीट. तिथे हा शब्द नुसता छंदाचा नाही, हक्काचाही आहे. डर्बीशरमध्ये किंडर स्काउट नावाचा डोंगराळ पठारी भाग आहे. जमीनदारांनी तो शिकारीसाठी राखलेला, सामान्य माणसाला मज्जाव. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार तरुण-तरुणी बंदी मोडून तिथे चढले, आणि त्यातल्या काहींना तुरुंगात जावं लागलं. १९३५ मध्ये अशा चालणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, ती आजही आहे. मोकळ्या माळरानावर चालायचा कायदेशीर हक्क इंग्लंड-वेल्समध्ये २००० सालच्या कायद्याने मिळाला. म्हणून एखादा इंग्रज अभिमानाने 'मी रॅम्बलर आहे' म्हणाला तर त्याला भटक्या समजू नका. बोलण्याबद्दल मात्र 'रॅम्बलिंग' म्हणजे पाल्हाळ, भरकटलेलं भाषण.

ट्रेक हा शब्द दक्षिण आफ्रिकेतून आला. तिथल्या डच वंशाच्या लोकांच्या भाषेत त्याचं मूळ 'ओढणे'. १८३० च्या दशकात ते बैलगाड्या जोडून आतल्या प्रदेशाकडे निघाले, त्याला 'ग्रेट ट्रेक' म्हणतात. त्यामुळे ट्रेकमध्ये लांब पल्ला आणि कष्ट दोन्ही हवेत. लळिंगच्या किल्ल्यावर सकाळी चढून दुपारी परत धुळ्यात आलो, तर इंग्रज त्याला हाइक म्हणेल. आपण ट्रेक म्हणतो, आणि महाराष्ट्रात ते आता रूढच झालंय. कोथळी-मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला पायी जाते, तिच्या बातमीत इंग्रजी वर्तमानपत्रं 'ट्रेक' लिहितात. अर्थाने ते चुकीचं नाही, पल्ला मोठा आहे आणि कष्टही आहेत. पण आपल्या वाचकाला ट्रेक म्हटलं की पाठीवरची सॅक आणि किल्ला आठवतो. मी तिथे 'वॉक' लिहितो.

'फिरायला जाणे' हा आपला शब्द सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. मराठीत एकाच शब्दावर तीन कामं भागतात. 'संध्याकाळी फिरायला जातो' म्हणजे 'आय गो फॉर अ वॉक'. 'रविवारी बाजारात फिरायला गेलो' म्हणजे 'वी वेंट आउट' किंवा 'वी वॉन्डर्ड अराउंड द मार्केट'. आणि 'उन्हाळ्यात तोरणमाळला फिरायला गेलो' म्हणजे 'वी वेंट ऑन अ ट्रिप टु तोरणमाळ'. तिन्ही ठिकाणी 'वी वेंट फॉर वॉकिंग' लिहिलेलं मी उत्तरपत्रिकांत वाचत आलोय. वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही तोरणमाळला पायीच गेलात. तिथे पोचल्यावर यशवंत तलावाच्या कडेने हिंडलात, तर मात्र 'वी स्ट्रोल्ड अलाँग द लेक' चपखल बसेल.

याच्याच शेजारचा शब्द रोम. आपण 'तो गावभर हिंडतो'साठी 'ही इज रोमिंग इन द व्हिलेज' म्हणतो. इंग्रजीत रोमला मोठा मोकळा प्रदेश लागतो: सातपुड्यात बिबट्या रोम करतो, माळरानावर गुरं रोम करतात. कामधंदा सोडून चौकात उभ्या राहणाऱ्या पोरांसाठी 'लॉइटर' आहे, पण तो जपून वापरा. त्यात संशय आहे. 'लॉइटरिंग' काही ठिकाणी कायद्याने गुन्हा आहे, आणि कोणाच्या मुलाबद्दल तो लिहिला तर त्याच्या बापाला राग येणं रास्त आहे.

कष्टाच्या चालीसाठी दोन शब्द चांगले शिकून घ्या: ट्रज आणि प्लॉड. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर चाललेल्या माणसाला ट्रज वेगळा समजवावा लागत नाही. पहिल्या दहा पावलांत चपलेखाली मातीचा थर बसतो, पुढच्या दहात तो दुप्पट होतो. पाय उचलताना जमीन सोडत नाही, चप्पल मागे राहते, मग ती हातात घेऊन अनवाणी चालायचं. डोक्यावर वेचलेल्या कापसाचं गाठोडं आणि दिवस कलत आलेला. ती बाई घरी 'ट्रजेस'. शरीर थकलंय, जमीन विरोधात आहे आणि तरी जायचंच आहे, या तिन्ही गोष्टी एका शब्दात येतात. प्लॉडमध्ये थकव्यापेक्षा चिकाटी जास्त आहे: वेग एकच, मंद, पण थांबणं नाही. म्हणून हुशार नसलेल्या पण रोज नेमाने अभ्यास करणाऱ्या मुलाला 'प्लॉडर' म्हणतात. चैत्राच्या उन्हात, मांडवाखाली दोन घोट पाणी घेऊन पुन्हा सप्तशृंगगडाची वाट धरणारे लोक सकाळी 'वॉक' करतात, दुपारी 'प्लॉड ऑन', आणि पाय फोडांनी भरल्यावर 'ट्रज'. एकाच माणसाला दिवसभरात तीन शब्द लागू शकतात, आणि चांगल्या वर्णनात ते तसे लागावेत.

पण इथे एक सावधगिरी, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०२० च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गावरून, धुळे-शिरपूरमार्गे बिजासन घाटाकडे, हजारो मजूर कुटुंबं पायी गावी निघाली होती. लेकरं खांद्यावर, बोचकी डोक्यावर. असा प्रसंग इंग्रजीत लिहायचा असेल, तर मी ट्रज लिहीत नाही, ट्रेक तर मुळीच नाही. 'दे वॉक्ड होम' एवढंच लिहितो आणि किती किलोमीटर ते पुढे देतो. प्रसंग स्वतःच एवढा मोठा असला की छटेचा शब्द लेखकाकडे लक्ष वेधतो आणि माणसांकडचं लक्ष कमी करतो.

मार्चची गोष्ट वेगळी. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून ७८ सत्याग्रहींसह निघाले आणि ५ एप्रिलला दांडीला पोचले. त्याला कोणी 'दांडी वॉक' म्हणत नाही. समूह, निर्धार आणि समोर कोणीतरी ज्याला आव्हान द्यायचंय, हे असलं की मार्च. म्हणून आपल्याकडे मोर्चा आणि मार्च हे शब्द शेजारी बसतात. एकटा माणूसही मार्च करू शकतो: चिडलेली बाई तक्रार घेऊन तरातरा कार्यालयात शिरली, 'शी मार्च्ड इनटु द ऑफिस'. आपलं 'तरातरा' बहुतेक वेळा इथेच येतं.

बाकीचे पटकन सांगतो. इस्पितळाच्या व्हरांड्यात येरझारा घालणारा बाप 'पेसेस अप अँड डाउन'. दुडुदुडु चालणारं बाळ 'टॉडल्स', म्हणूनच ते टॉडलर. बदकासारखं डुलत चालणं वॉडल. जाड माणसाबद्दल लिहिलं तर ते हिणवणं होतं, टाळा. निवडून आल्यावर छाती काढून चालणारा 'स्ट्रट्स', त्यात दमदाटीही असेल तर 'स्वॅगर्स'. पाय न उचलता जमिनीला घासत चालणं शफल. सपाता घातलेले वृद्ध आणि रांगेत पुढे सरकणारे लोक, दोघांनाही चालतं. झोकांड्या खात चालणं स्टॅगर, मग कारण दारू असो की जखम. नदी किंवा पाऊलवाट वळणं घेत जाते त्यासाठी मिअँडर. आजच्या तुर्कस्तानातल्या एका नागमोडी नदीच्या प्राचीन नावावरून तो शब्द आला आणि गिरणेच्या वळणांनाही तो चालेल.

शेवटी उच्चारांबद्दल, कारण तोंडी परीक्षेत तिथेच गुण जातात. वॉकमधला एल उच्चारायचा नाही आणि स्वर लांब ठेवायचा. 'वर्क' आणि 'वॉक' आपल्याकडे इतके जवळ येतात की 'आय वॉक इन अ बँक' ऐकून परीक्षक बुचकळ्यात पडतो. तसंच भटकणं ते 'वॉन्डर' आणि आश्चर्य वाटणं ते 'वंडर'. लिहिताना एका अक्षराचा फरक, पण बोलताना स्पेलिंगवर विसंबलात तर नेमकी उलटापालट होते, कारण ओ असलेल्या शब्दाचा उच्चार 'वंडर' आहे आणि ए असलेल्याचा 'वॉन्डर'. ट्रजच्या शेवटी 'ज' जहाजातला नाही, जेवणातला. हे शब्द मोठ्याने, वाक्यात घालून म्हणा. नुसती यादी म्हटली तर बोलताना जीभ पुन्हा जुन्या सवयीवर जाते.